कुठल्या हातानं

पुढच्या सीटवरच्या बाईनं मिटलेली छत्री उचलली आणि शेजारणीच्या डोक्यावर टेकवली. "हे बघ," ती म्हणाली, "मी डावरी आहे असं समज. तुझ्यासमोर उभी आहे. माझा घाव कुठं बसेल? इथं, तुझ्या उजव्या कानशिलावर. आणि त्या पोरीचं डोकं फुटलं होतं डावीकडून." शेजारीण खिदळली. "अगं, केस! आत्ताच सेट करून आलेय." "ऐक तर. तिन्ही घाव डावीकडे. म्हणजे मारणारा उजवा. आणि स्टेर्गिओस डावरा. जे मला बसल्या बसल्या कळलं ते कोर्टाला कळलं नाही." "मागून मारलं असेल तर?" "मागून..." छत्री हवेत थांबली. बस वोलोस बंदराच्या वळणावर कलली. मागच्या सीटवर असिमीना मांडीवर भेंडीची पिशवी घेऊन बसली होती. कुणीतरी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असावं तसं तिनं पहिल्यांदा ते ऐकलं. मग छत्री पुन्हा हलली आणि तिच्या लक्षात आलं, की त्या बाईच्या लाल नखांच्या हातात आहे तो बत्ता आहे. ती उठली, छत्रीचं टोक मुठीत धरलं आणि स्प्रे मारून कडक केलेल्या त्या केसांत खुपसलं. "तसं नाही," ती म्हणाली. "पहिला इथं. मग ती गुडघ्यावर आली. दुसरा इथं. तिसरा बसला तेव्हा ती आडवी होती." टोक तिनं हवं त्यापेक्षा जास्त दाबलं. ती बाई किंचाळली. "काय करताय? वेड लागलंय का हो?" छत्रीवालीनं मात्र तिला ओळखलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "देवा रे," ती पुटपुटली, "ही आई आहे तिची." सगळी बस वळून बघू लागली. ड्रायव्हरनं न सांगताच दार उघडलं.

समुद्राच्या कडेनं चालताना असिमीनाला घाम फुटला होता आणि बोटांच्या टोकांना त्या स्प्रेचा गोडूस वास लागला होता. तिच्या लेकीच्या, लुकियाच्या केसांना वास असायचा तो साबणाचा. शवागारात मात्र तिचं अर्धं डोकं भादरलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या केसांना औषधाचा वास होता. डावी बाजू भादरलेली होती. जन्मभर वेण्या घातलेलं ते डोकं एका बाजूनं खोलगट झालं होतं, खाली पडलेल्या भांड्याला पोचा यावा तसं, आणि असिमीनानं तो पोचा हातानं चाचपला होता, कारण बघून तिला काही कळतच नव्हतं. त्या दिवसापासून तिला ते स्वयंपाकघर दिसायचं. खून झाला तेव्हा ती तिथं नव्हती. फोन आला तेव्हा ती घरी चादरी वाळत घालत होती. तरी तिला सगळं दिसायचं: ओटा, ओट्यावर सोललेला लसूण, आजोळहून आलेला तो पितळी खलबत्ता, जो तिनंच लेकीला नव्या घरासाठी दिला होता, आणि बत्ता उचलणारा स्टेर्गिओस. दोघांच्या लग्नाला दोन महिने राहिले होते. चर्च ठरलं होतं. लग्नात वाटायच्या साखरबदामांच्या पुड्या बांधून तयार होत्या. अकरा वर्षं ते चित्र रोज तिच्या डोळ्यांपुढं चालायचं, आणि चित्र संपलं की ती त्याला मारायची. ब्रेड कापायच्या सुरीनं, उकळत्या तेलानं, पिळलेल्या चादरीनं गळा आवळून. एकदा तर नुसत्या दातांनी. पाद्री म्हणाले होते, क्षमा कर. ती म्हणाली होती, आधी मरू दे त्याला, मग करते. लोकांना वाटायचं बाई दुःखानं वाळत चालली आहे. खरं म्हणजे त्या रागावरच ती अंगानं भरली होती, त्यावरच जेवत होती, झोपत होती. आज धक्क्यावर बांधलेल्या होड्यांपाशी ती थांबली, तेव्हा चित्र नेहमीप्रमाणे सुरू झालं. ओटा आला, लसूण आला, स्टेर्गिओसनं बत्ता उचलला. आणि तिला दिसेना त्यानं तो कुठल्या हातानं उचलला. तिनं डोळे मिटले. त्याचा उजवा हात वर गेला. मग डावा. मग पुन्हा उजवा. तो घाव घालेचना. बत्ता तसाच वर धरून तो तिच्याकडे बघत राहिला, जणू तिलाच विचारत होता, बाई, कुठला?

घरी आली तर तिचा नवरा झिसिस टीव्हीपुढं बसला होता. दुपारच्या कार्यक्रमात पडद्यावर सहा चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक तोंड ओरडत होतं: दोन वकील, एक निवृत्त अधिकारी, एक मानसशास्त्रवाली, एक कोण तो लेखक आणि एक नटी, जी दर थोड्या वेळानं डोळे पुसत होती. मधल्या मोठ्या चौकटीत पांढरा कोट घातलेला एक डॉक्टर टेबलापाशी उभा होता. टेबलावर कलिंगड होतं. कलिंगडावर मार्करनं डोळे, नाक आणि कान काढले होते. "हा तसाच बत्ता आहे, तेवढ्याच वजनाचा," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं उजव्या हातानं घाव घातला. लाल गर कॅमेऱ्याच्या भिंगावर उडाला. सूत्रसंचालिका ओरडली आणि मग हसली. "आता डाव्यानं," ती म्हणाली.

"बंद कर ते," असिमीना म्हणाली.

"थांब जरा."

"झिसिस, बंद कर म्हणते ना."

त्यानं मान वळवली नाही. आयुष्यभर बंदरात क्रेन चालवल्यामुळं त्याला खाली बघत बोलायची सवय होती, समोर माणूस असला तरी. "तो डावरा होता, असिमीना," तो म्हणाला. "आठवतंय? अग्रियाच्या किनाऱ्याला खडकावर ऑक्टोपस आपटत होता. मी त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि माझ्या थोबाडावर बसला एक सपाटा. तू हसून हसून पाण्यात पडायची बाकी राहिली होतीस. लुकिया तर..."

"तिचं नाव घेऊ नकोस."

"सगळा देश घेतोय. मी बाप आहे, मीच नको घेऊ?"

तिला आठवत होतं. खडकावर मऊ मांस आपटल्याचा तो ओला आवाज, पुन्हा पुन्हा. प्रत्येक फटक्याला जांभळट फेस सुटत होता. स्टेर्गिओस कमरेपर्यंत उघडा होता, आणि लुकिया मोठ्यानं आकडे मोजत होती, कारण नीट आपटला नाही तर तो चिवट राहतो. तेव्हाही त्याचा जोर बघून असिमीनाच्या मनात आलं होतं, पोरगा दणकट आहे, लेकीला सुखात ठेवील.

"मागून मारलं त्यानं," ती म्हणाली. "मागून मारलं तर डाव्या हाताचा घाव डावीकडेच बसतो. निकालात तेच म्हटलंय."

"मग बोटं कशी मोडली तिची? हात वर केला होता तिनं. समोर बघत होती ती."

"तू वकील कधी झालास रे?"

"मी म्हणत नाही त्यानं नाही केलं." झिसिसनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. "मी एवढंच म्हणतो, मला माहीत नाही. इतकी वर्षं माहीत होतं. आता नाही. आणि त्याचे वकील नव्यानं खटला मागतायत, तर मागू देत."

तिच्या हाताशी बिडाचा तवा होता. तो तिनं कधी उचलला ते तिला कळलं नाही, कुठल्या हातानं तेही. तवा झिसिसच्या कानाला घासून गेला आणि पडद्यावर आदळला. सहाही तोंडं एकदम काळी पडली, वर रंगीत रेघा उमटल्या, आणि तरी ती ओरडतच राहिली. अंधारातून डॉक्टरचा आवाज आला, "बघा, यावेळी कोन वेगळा आहे." झिसिसनं कानाला हात लावला आणि लाल झालेली बोटं पाहिली. "आवाज चालूच आहे अजून," तो म्हणाला. त्यानं रिमोट तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. पुन्हा चित्र सुरू झालं होतं, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला या वेळी झिसिसचा कान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेआ इओनिया वस्तीत हाइदोच्या घरी गेली. हाइदो म्हणजे स्टेर्गिओसची आई. लग्न झालं असतं तर त्या दोघी विहिणी झाल्या असत्या. साखरपुड्याच्या दिवसापासूनच त्या एकमेकींना विहीणबाई म्हणायला लागल्या होत्या. खटल्याच्या वेळी कोर्टाच्या जिन्यात असिमीना तिच्या तोंडावर थुंकली होती, आणि हाइदोनं ते पुसलंही नव्हतं. त्यानंतर त्या एकाच शहरात राहिल्या, एकाच बाजारात जात राहिल्या, आणि एक दिसली की दुसरी गल्ली बदलायची. हाइदोच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगात 'खुन्याची आई' असं लिहिलं होतं, आणि अलीकडे कुणीतरी त्यावरच लाल रंगात 'स्टेर्गिओसला सोडा' असं लिहिलं होतं. दोन्ही एकमेकांत मिसळून धड काहीच वाचता येत नव्हतं. दार उघडंच होतं. हाइदो मासे साफ करत होती. तिच्या कोपरांपर्यंत खवले चिकटले होते.

"ये, विहीणबाई," ती म्हणाली, जणू कालच भेटल्या होत्या. "मला वाटलंच तू येशील. बसमधलं कळलं मला."

"मला एकच विचारायचंय. तुला खरंच वाटतं का, त्यानं नाही केलं?"

"माझा मुलगा निर्दोष आहे. मी टीव्हीवर सांगितलंय."

"टीव्हीला सांगितलंस. आता मला सांग."

हाइदोनं माशाचं पोट चिरलं, आतड्यांचा गोळा अंगठ्यानं बाहेर काढला आणि भांड्यात टाकला. मग पुढचा मासा उचलला. ते उत्तर न देणं असिमीनाच्या कानशिलात बसलं. तिनं हाइदोच्या केसांचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं मागं खेचलं. खुर्ची कोसळली. सुरी कुठंतरी घरंगळली. दोन म्हाताऱ्या बायका खवल्यांनी निसरड्या झालेल्या फरशीवर पडल्या, एकीचा दुखरा गुडघा दुसरीच्या पोटात, दुसरीची नखं पहिलीच्या मानेत. कुणीच ओरडलं नाही. नुसता धापांचा आवाज होता आणि भांडं लवंडून सांडलेल्या पाण्याचा. हाइदोनं तिचा ओठ फोडला. असिमीनानं तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी तिला जाणवलं की हाताला किती सोपं जातंय हे, किती थोडं लागतं. ती थांबली. हाइदो मात्र तिच्या अंगाखाली रडत नव्हती, दात विचकून बघत होती.

"हात हवाय ना तुला?" हाइदो म्हणाली. "कुठला हात, हेच ना? सगळ्या देशाला तेच हवंय. ऐक मग. माझी सासू म्हणायची, डावा हात सैतानाचा. मी त्याचा डावा हात पट्ट्यानं खुर्चीला बांधायचे. सोडवून घेतला की पळीनं झोडायचे बोटांवर, सुजेपर्यंत. एवढंसं पोर होतं. शाळेत गेला तोवर दोन्ही हातांनी सगळं करायला शिकला. मासे धरायचा, आपटायचा डाव्यानं. पण राग आला की..."

"राग आला की काय?"

"उजव्यानं मारायचा. कुत्र्याला. बहिणीला. मला, एकदा."

बाहेर गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला. असिमीना तिच्या अंगावरून बाजूला झाली आणि कपाटाला टेकून बसली. "वकिलाला सांगितलंस हे?"

"नाही."

"का?"

"का म्हणजे? आई आहे मी." हाइदो उठून बसली, तिनं लुगडं पिळावं तसा ओला झगा पिळला. "तुला वाटतं मला माहीत आहे? कधी कधी वाटतं त्यानं नाही केलं. देवाशपथ वाटतं. तुरुंगातून आलेली त्याच्या हातची पत्रं वाचते तेव्हा, तो फोनवर हसतो तेव्हा. आणि कधी भांडी घासताना अचानक तो दिसतो मला. तिच्या ओट्यापाशी. माझ्या पोराचाच चेहरा. आणि तुझी लुकिया आधी गुडघ्यावर येते..."

"मग एक हात जमिनीवर टेकते," असिमीना म्हणाली.

"हो. टेकते. आणि वर बघते."

फरशीवरचा मासा अजून शेपूट हलवत होता की पाणी त्याला हलवत होतं, कळत नव्हतं. असिमीनाला वाटत आलं होतं की ते स्वयंपाकघर तिचं एकटीचं आहे, त्यात दुसऱ्या कुणाला जागा नाही. आणि ही बाई इतकी वर्षं त्याच ओट्यापाशी, पलीकडच्या बाजूला उभी होती. तिला किळस आली. आणि किळशीच्या खाली, कुणीतरी शेजारी येऊन बसावं तशी, लाज वाटावी इतकी ऊब.

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी फोन केला असावा. ती बाहेर पडली तर कॅमेरा तयार होता आणि एक तरुण पोरगी माईक घेऊन धावत आली. "बाई, तुमच्या ओठातून रक्त येतंय. तिनं मारलं का तुम्हाला?" असिमीनानं मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही. "तुम्ही स्टेर्गिओसला जवळून ओळखत होता. तो खरंच डावखुरा होता का? लोकांना तुमच्याकडून ऐकायचंय." मागं खिडकीचा पडदा हलला. एक वाक्य पुरेसं होतं. तिच्या तोंडात ते तयार होतं, रक्ताच्या चवीत मिसळून: त्याच्या आईला विचारा, राग आला की तो कुठल्या हातानं मारतो. एवढं म्हटलं असतं तर नव्या खटल्याचा अर्ज तिथंच मेला असता, आणि तिनं आजवर केलेल्या सगळ्या खुनांपैकी हा पहिला खरा झाला असता. तिनं रक्त गिळलं.

"ऑक्टोपस डाव्या हातानं आपटायचा," ती म्हणाली. "मी पाहिलंय."

"म्हणजे तो निर्दोष आहे असं तुम्ही म्हणताय?"

"मी पाहिलं ते सांगितलं. समोरून हो बाजूला."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य देशभर झालं. खून झालेल्या पोरीची आईच आरोपीच्या बाजूनं बोलली, असं सगळे म्हणू लागले. चौकातल्या कॅफेत दोन माणसं त्यावरून खुर्च्या घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली. एका सकाळी तिच्या दारात कोंबडीचं तोडलेलं मुंडकं होतं, आणि शेजारी चिठ्ठी, 'पोरीला विकलंस'. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईनं बाजारात तिचे हात धरून त्यांचं चुंबन घेतलं, आणि असिमीनाला त्या मुंडक्यापेक्षा त्याचाच जास्त राग आला. झिसिस दार धूत म्हणाला, "तू काहीच विकलं नाहीस." ती म्हणाली, "तुला काय माहीत." हाइदोनं सांगितलेलं तिनं त्यालाही सांगितलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. चित्र चालू व्हायचं, हात बदलत राहायचा, आणि सांगायचं राहून जायचं.

वसंतात लारिसाच्या कोर्टात नव्यानं खटला चालला. आवाज ऐकल्याची साक्ष देणारा शेजारी मधल्या काळात वारला होता. फ्रिजच्या दारावरचा रक्ताळलेला ठसा स्टेर्गिओसचाच होता, पण तो म्हणत आला होता की मी आत आलो, ती पडलेली दिसली, मी धरायला गेलो. दोन डॉक्टर म्हणाले घाव मागून, दोन म्हणाले समोरून. सरकारी वकिलानं असिमीनाला विचारलं, "आरोपी उजव्या हातानंही जोर लावू शकत होता, असं तुम्हाला कधी दिसलं?" ती म्हणाली, "मी पाहिलं नाही." ते खरं होतं. मागच्या बाकावर हाइदोनं डोळे मिटले. स्टेर्गिओस काचेमागं बसला होता, टक्कल पडलेला, जाड, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून. असिमीना त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात त्याला मारायची इच्छा तशीच होती, पूर्वीइतकीच ताजी. फक्त आता ती इच्छा त्याच्यापर्यंत पोचून थांबत नव्हती. ती त्याच्या वकिलावर जात होती, डॉक्टरवर, दाराशी उभ्या शिपायावर, ज्याच्या मनगटावर केस होते. यांतला कुणीही असू शकतो, तिला वाटलं, आणि काचेमागं बसलेला तोही.

निकाल दुपारी लागला. संशयाचा फायदा देऊन सुटका. सभागृहात एकदम हलकल्लोळ झाला, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्या दिल्या. लुकियाच्या आतेभावानं बाकाची फळी उचकटायचा प्रयत्न केला आणि त्याला चौघांनी उचलून बाहेर नेलं. झिसिस हलला नाही. असिमीना गर्दीतून ढकलली जात बाहेरच्या पायऱ्यांवर आली. खाली स्टेर्गिओसला कॅमेऱ्यांनी घेरलं होतं. तो हसत होता, रडत होता. मग त्यानं आईला पाहिलं, "आई!" म्हणून हाका मारत वर आला आणि दोन्ही हात पसरले. आणि हाइदो मागं सरली. अगदी जरासं, खांदा आत घेऊन, मान वाचवून. कॅमेऱ्यांना ते दिसलं नाही, कारण लगेच त्यानं तिला छातीशी धरलं आणि सगळीकडून उजेड पडला. त्याच्या खांद्यावरून हाइदोचे डोळे असिमीनाला शोधत होते.

वकील गाडी आणायला गेला तेव्हा हाइदो लंगडत तिच्यापाशी आली. "विहीणबाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आज माझ्याकडे राहायला येशील?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी एकटी आहे घरात. म्हणजे, तो असेल. आम्ही दोघंच." तिनं मागं वळून मुलाकडे पाहिलं. "आजची रात्र फक्त. उद्या त्याची बहीण येतेय."

झिसिसनं ऐकलं. "तू कुठंही जाणार नाहीस," तो म्हणाला. "असिमीना, ऐकतेस का? तिथं तो आहे." असिमीनानं त्याच्या कानाकडे पाहिलं, तव्यानं पडलेला व्रण अजून दिसत होता. "तू घरी जा," ती म्हणाली. "गॅस बंद आहे का बघ." आणि ती गाडीकडे चालू लागली.

स्टेर्गिओस पुढं, वकिलाशेजारी बसला. मागं त्या दोघी. लारिसापासून वोलोसपर्यंत सगळा सपाट रस्ता, दोन्हीकडे हिरवा गहू. असिमीनाच्या समोर, हाताच्या अंतरावर, त्याची मान होती. कुणीतरी सकाळीच ती नीट भादरून दिली होती, कोर्टात जाणाऱ्या माणसाची करतात तशी. दोन शिरांच्या मधे खळगा होता आणि त्यात घामाचा एक थेंब. वकील रेडिओ लावत होता, पुन्हा बंद करत होता. हाइदोनं असिमीनाचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं बधिर झाली. मुलाच्या भीतीनं धरलंय की मुलाच्या जिवाच्या भीतीनं, हे असिमीनाला कळेना, आणि तिनं ते सोडवूनही घेतलं नाही.

"मागं उकडतंय का?" स्टेर्गिओसनं मान न वळवता विचारलं. "काच खाली करू?"

असिमीना बघत राहिली, काचेच्या बटणाकडे त्याचा कुठला हात जातो ते.